जुन्या जहाजाचें डेक आणि आमच्या ख्रिस्तमंदिराचें दार

बीड जिल्ह्यांतील वाचकांपुढें जहाजाची गोष्ट मांडतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं. उत्तरेस गोदावरी आहे, आणि तिचा पूर काय करूं शकतो हें गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजामाच्या फौजेनें पाहिलें : कांहीं सैन्य पलीकडे गेलेलें, कांहीं अलीकडे अडकलेलें, आणि अलीकडच्यांची माधवराव पेशव्यांच्या फौजेनें दाणादाण केली. तरी जहाजाशीं आपला संबंध दर रविवारीं येतोच. मंदिराच्या ज्या लांबट भागांत आपण मिस्सेकरितां बसतां, त्यास लॅटिन भाषेंत ‘नाविस’ म्हणजे जहाज असें म्हणत आले आहेत. महोत्सवानिमित्त या आमच्या जहाजाचें जुनें सागवानी दार रंगवावयाचें निघालें, आणि त्यावरूनच हा लेख सुचला.

सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं जहाजें बांधण्याकरितां मुंबईस आले. १७५० सालीं तेथें कोरडी गोदी झाली. लवजींचे नातू जमशेदजी बमनजी यांनीं मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ नांवाची युद्धनौका बांधिली. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरली. १८९७ सालीं ती मोडींत विकली गेली होती, पण एका इंग्रज गृहस्थानें ती विकत घेऊन मुलांस नौकानयन शिकविण्याच्या कामीं लाविली. १९८७ सालीं ती इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं आली, १९९० पासून २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली, आणि आज दोनशें वर्षांनंतरही ती पाण्यावर तरंगत आहे.

याचें अर्धें श्रेय सागास आहे. ओकच्या लांकडांतील आम्ल लोखंडी खिळ्यांस खातें. सागांतील तेल त्यांस राखतें. उरलेलें अर्धें श्रेय मात्र घांसणाऱ्या हातांचें. जहाजाच्या वरच्या लांकडी तख्तास खलाशी डेक म्हणतात. तें बहुधा रंगवीत नसत. फळ्यांमधील फटींत जुन्या दोरखंडाचे तंतू ठोकून वर डांबर ओतीत, आणि तख्त वाळूच्या दगडानें घांशीत. हें काम गुडघे टेकून करावें लागे, आणि म्हणूनच इंग्रज खलाशांनीं त्या दगडास ‘होलीस्टोन’, म्हणजे पवित्र दगड, असें नांव दिलें असें म्हणतात. मोठ्या दगडास ते बायबल म्हणत व लहानास प्रार्थनापुस्तक! थट्टा खरी, पण गुडघे मात्र खरेच टेकलेले असत.

रंग लागे तो कोठाराच्या तोंडावरील चौकटीस व झांकणास. जुनें जहाज कुजावयास लागतें तें बहुधा तेथेंच, आणि खाऱ्या पाण्यानें नव्हे, पावसाच्या गोड्या पाण्यानें. तें कोपऱ्यांच्या सांध्यांत मुरून बसतें. म्हणून कुशल कारागीर रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं टोचा घेऊन प्रत्येक कोपरा तपासतो. बिजागऱ्या व कड्या काढून ठेवितो, सुटलेला रंग खरवडतो, कुजलेला भाग कापून नवा तुकडा बसवितो, लांकूड वाळूं देतो, काचकागदानें घांसतो. सागाच्या अंगचें तेल रंगास धरूं देत नाहीं, म्हणून तें स्पिरिटनें पुसावें लागतें. मग अस्तर, आणि अस्तरानंतर लांबी. उलट केल्यास कोरडें लांकूड लांबींतील तेल शोषून घेतें व ती सुटून पडते. आमचे वसईकडील कॅथॉलिक कोळी बांधवही पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, खरवडतात, रंगवितात, आणि मग धर्मगुरूंचा आशीर्वाद घेऊन समुद्रावर जातात.

आम्हीं मात्र दहा वर्षांपूर्वीं घाई केली. जुन्याच थरावर नवा रंग मारविला. पुढच्या उन्हाळ्यांत त्याच्या खपल्या उडाल्या, आणि यंदा खालच्या चौकटींत टोचा खुपसला तों मूठभर भुसा हातीं आला. दोष रंगाऱ्याचा नव्हे; तो थांबा म्हणत होता.

यंदा सुतारांनीं तीन आठवडे अधिक मागितले व आम्हीं दिले. मंडळींपैकीं कित्येकांस हें रुचलें नाहीं. आणखी एक गोष्ट आहे. जुन्या रंगांत शेंदूर आणि सफेता असे, म्हणजे शिसें. त्याची कोरडी धूळ श्वासांतून अंगांत जाते व लहान मुलांस फार बाधते. म्हणून दार ओलें करून खरवडलें जात आहे, खरवडणाऱ्यांनीं नाकातोंडास फडकें न बांधतां चांगली जाळी लाविली आहे, आणि धर्मशिक्षणाचा वर्ग तोंवर मागील ओसरीवर भरतो.

‘ट्रिंकोमाली’बरोबर जमशेदजींचें नांव राहिलें, फळ्या तासणाऱ्या सुतारांचीं राहिलीं नाहींत. या स्मरणिकेंतही धर्मगुरूंची यादी आहे. तिच्याखालीं दाराच्या दोन्हीं सुतारांचीं व रंगाऱ्याचें नांव छापावें असें आम्हीं संपादकांस कळविलें आहे. दार मात्र महोत्सवाच्या दिवशीं नुसत्या अस्तरावरच असेल. कृपा करून त्यास टेकूं नये.