यकृताचा घात कोण करतो? दीर्घकालीन विषाणुजन्य यकृतदाह व प्रतिकारपेशींच्या संशोधनाचा इतिहास

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात, नागभीडच्या परिसरातही, यकृताचा विकार म्हणजे कावीळ असे समीकरण लोकमानसात रूढ आहे. डोळे पिवळे झाले की काविळीची माळ घालावी, माळ लांबत गेली की रोग उतरला असे मानावे, ही रीत महाराष्ट्रात अन्यत्रही आढळते. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. परंतु याच समीकरणामुळे डोळे पिवळे न करता यकृत पोखरणारा आजार नजरेआड राहतो. त्याचे कारण प्रतिकारपेशींच्या वर्तनात आहे.

सर्व काविळी एक नव्हेत, हे ज्ञान फार जुने नाही. दिल्लीत १९५५-५६ साली दूषित पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील जतन केलेल्या रक्तद्रवाची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खुर्शेद पावरी व सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांसह केली आणि ही साथ ‘अ’ वा ‘ब’ विषाणूची नव्हती, असे १९८० मध्ये दाखविले. पुढे तो विषाणू ‘ई’ ठरला. रक्तावाटे पसरणाऱ्या ‘ब’चा माग मात्र ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात लागला, तोही वारंवार रक्त घेतलेल्या एका रुग्णाच्या रक्तद्रवामुळे. सिकलसेलच्या रुग्णांना पुनःपुन्हा रक्त द्यावे लागणाऱ्या पूर्व विदर्भाने हा तपशील विसरू नये.

विषाणूच यकृतपेशी मारतो, ही समजूत स्वाभाविक होती. पण रक्तात विपुल विषाणू असूनही यकृत जवळजवळ शाबूत असलेले वाहक आढळत. हे कोडे सोडविताना डडली, फॉक्स व शेरलॉक यांनी १९७२ मध्ये पेशीय प्रतिकारशक्तीकडे बोट दाखविले. निर्णायक पुरावा किझारी यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून आला. विषाणूची जनुके बाळगणाऱ्या उंदरांची यकृते एरवी निरोगी राहत. विषाणूविरोधी टी-पेशी टोचताच यकृतदाह होई. २००३ मध्ये चिंपांझींतील सीडी-८ टी-पेशी काढून घेतल्या, तेव्हा त्या परतेपर्यंत विषाणूचे उच्चाटन व यकृताची हानी दोन्ही लांबली. रक्षक आणि घातक एकच होते.

दीर्घकालीन आजारात या पेशी थकतात. विषाणू संपविण्याइतके बळ त्यांच्यात उरत नाही, हानी करण्याइतके मात्र उरते. वर्षानुवर्षे थोड्या पेशी मरत राहतात, तारकाकृती पेशी व्रणतंतू विणतात आणि यकृत कठीण होते. जन्मतः वा बालपणी ‘ब’ची बाधा झाल्यास ही लढाई अनेक वर्षे सुरूच होत नाही. डोळे पांढरेच राहतात. उलट सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे तांबड्या पेशी फुटल्यानेही पिवळे होतात. म्हणजे पिवळेपणा दोन्ही बाजूंनी चकवितो. निदान रक्तचाचणीनेच होते.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही चाचणी व औषधे मोफत आहेत. ‘ब’वरील गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, त्यामुळे टी-पेशींचा हल्लाही शमतो. बरे वाटते म्हणून रुग्णाने त्या परस्पर बंद केल्या, तर विषाणू पुन्हा वाढतो आणि शमलेल्या पेशी यकृतावर तुटून पडू शकतात; तेव्हा कदाचित डोळे पहिल्यांदाच पिवळे होतात.