दोन होकार

बगदाद-बसऱ्यामार्गें आलेली देवीची लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिलीच. तिच्या फोडांतील लशीनें आणखी पांच मुलांस देवी काढल्या. तेव्हां लस कुपींतून नव्हे, तर मुलांच्या दंडांवरून प्रवास करी. म्हणून आईबापांस होकार दोनदां द्यावा लागे: एकदां स्वतःच्या लेंकरासाठीं, आणि आठव्या दिवशीं त्याचाच दुखरा दंड परक्याच्या मुलासाठीं पुढें करण्यास. या दुसऱ्या होकाराशीं पुष्कळ घरें अडत. त्यास केवळ अडाणीपणा म्हणणें न्यायाचें नव्हे.

१८७७ च्या कायद्यानें लस सक्तीची झाली ती मुंबई शहरापुरती. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली हीं गांवें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत. तीं आज मुंबईंत आहेत. पण इन्फ्लुएंझाच्या लशीची सक्ती तेथें मुलांस नाहीं. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांस ती दरवर्षीं द्यावी, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. प्रथम देतांना चार आठवड्यांच्या अंतरानें दोन मात्रा. विषाणू रूप पालटतो, म्हणून होकारहि दरसाल नवा. १९१८ च्या साथींत आईबापांपुढें हा प्रश्नच नव्हता. मनुष्यांतील तो विषाणू सांपडला १९३३ सालीं.