समुद्राने शिकवलेला उपचार

१९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात विमानातील इंधनाच्या भडक्याने होरपळलेल्या वैमानिकांना टॅनिक आम्लाचा लेप लावण्याची रीत होती. वाळल्यावर त्याचे टणक कवच बने. हाताची बोटे आखडून जात.

ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयातील शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी मात्र एक गोष्ट हेरली : छत्रीच्या साहाय्याने उडी घेऊन समुद्रात उतरलेल्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरत होत्या. त्यांनी लेप वर्ज्य केला, मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली आणि त्वचारोपणाने चेहरे नव्याने घडवले.

१९४१ मध्ये या रुग्णांनी स्वतःला विनोदाने प्रयोगाचे प्राणी म्हणवत ‘गिनी पिग क्लब’ स्थापला. युद्धाअखेरीस सदस्यसंख्या ६४९ झाली. मॅकिंडो त्यांना बरे होण्याआधीच गावात मिसळायला धाडत. विद्रूप चेहऱ्यांकडे टक लावून न पाहणारे गाव, हीच ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख ठरली.