पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास : गर्भवतीच्या आहारातील वसा (तेल, तूप, दूध इत्यादींतील स्निग्ध घटक) व अन्य पोषक द्रव्ये यांचा अर्भकाच्या वाढीशी असलेला संबंध तपासण्यासाठी पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेले दीर्घकालीन संशोधन. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी ते हाती घेतले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधक त्यात सहभागी होते. कमी वजनाने जन्मलेल्यांना प्रौढपणी हृद्‌रोग व मधुमेह अधिक प्रमाणात होतात, हे डेव्हिड बार्कर यांचे प्रतिपादन भारतीय परिस्थितीत पडताळून पाहणे, हा त्यामागील एक हेतू होता.

या खेड्यांतील मातांचा आहार तुटपुंजा होता. गर्भारपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांना दिवसाकाठी सरासरी ४५ ग्रॅ. प्रथिने मिळत. सुमारे ८०० मातांच्या पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ऊर्जा व प्रथिने यांचा अर्भकाच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. वसा अधिक सेवन करणाऱ्या मातांची अर्भके मात्र लांबीने व वजनाने काहीशी अधिक भरली. त्याहून दृढ संबंध दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी दिसून आला. पाणी वाहणे, शेतातील राबणूक यांसारखे कष्ट अधिक करणाऱ्या मातांची अर्भके वजनाने कमी होती. आहाराच्या चर्चेत ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

अर्भकांच्या मोजमापांचा निष्कर्ष अनपेक्षित होता. पुण्याकडील अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ कि.ग्रॅ., तर साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३·५ कि.ग्रॅ. होते. पोटाचा घेर व दंडाचा घेर यांत तूट सर्वांत मोठी होती; पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली मोजलेली त्वचेची घडी (त्वचेखालील वसेची निदर्शक) मात्र फारशी कमी भरली नाही. म्हणजे स्नायू व अंतस्त्ये यांची वाढ खुंटली, तरी वसा टिकून राहिली. अशा देहरचनेस ‘कृश-मेदयुक्त’ म्हणता येईल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पुण्यातील अर्भकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनाचे प्रमाणही लंडनमधील गौरवर्णीय अर्भकांपेक्षा अधिक आढळले.

वजनाच्या काट्याची मर्यादा २००४ मध्ये एका लहानशा लेखाने चांगलीच उघड केली. याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने काढलेला भारांक सारखाच, २२·३ होता. परंतु शरीरातील वसा याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के व युडकिन यांच्यात ९·१ टक्के भरली.

पाहणीतून सहसंबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून ‘सरस’ प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासूनच पालेभाज्या, फळे व दूध घातलेला रोजचा खाऊ देण्यात आला. एकूण गटात जन्मवजनावर परिणाम आढळला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांत मात्र ते काहीसे वाढले. गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाणही घटले.