पपनसाचे सरबत आणि बडोद्याची गादी

बडोद्याचे नाव निघाले की महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाच्या मनात प्रथम सयाजीराव महाराज उभे राहतात. त्यांची ग्रंथालये, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, विद्वानांना दिलेला आश्रय यांविषयी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. परंतु सयाजीरावांसाठी ही गादी रिकामी कशी झाली, याची कथा फारशी सांगितली जात नाही. ती कथा एका विषप्रयोगाची आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत तिने सारा हिंदुस्थान हलवून सोडला होता, आणि तिच्यातील मुख्य प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

सन १८७० मध्ये खंडेराव गायकवाड निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून मल्हाररावांनी पाद्र्यास कैद भोगली होती. तेथून ते थेट सिंहासनावर बसले. सुडाची भावना, उधळपट्टी आणि रयतेची पिळवणूक यांमुळे त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या. त्यांनी घडविलेल्या सोन्याच्या तोफांची गोष्ट अद्याप सांगितली जाते. त्यांचा भार कोणाच्या माथी पडला असेल हे सांगावयास नको. १८७३ मध्ये इंग्रज सरकारने चौकशी समिती नेमली आणि पुढे कारभार सुधारण्यासाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली.

त्या वेळी बडोद्यास रेसिडेंट होते कर्नल रॉबर्ट फेअर. महाराज आणि हे साहेब यांचे क्षणभरही पटले नाही. महाराजांनी दिवाण म्हणून दादाभाई नौरोजींना आणले होते, त्यांच्याशीही साहेबांचा उभा दावा. १८७४ मध्ये महाराजांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला, त्या समारंभास साहेब गेले नाहीत. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांस खलिता पाठवून फेअर यांना येथून हलवावे अशी विनंती केली.

त्यानंतर अवघ्या आठवड्याने, ९ नोव्हेंबर रोजी, सोमवारी सकाळी साहेब फिरून परत आले. रोजच्या परिपाठाप्रमाणे त्यांच्या खोलीत पपनसाच्या रसाचा पेला ठेवलेला होता. त्यांनी दोन-तीन घोट घेतले. जीव कसनुसा होऊ लागला, म्हणून उरलेले सरबत फेकून दिले. पेला खाली ठेवताना तळाशी गडद गाळ दिसला. तो त्यांनी रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांजकडे पाठविला. तपासणीत सोमल निघाला आणि त्याबरोबर चकाकणारे कण. मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञांनीही तसाच निर्वाळा दिला. ते कण हिऱ्याच्या भुकटीचे ठरले. हिऱ्याची कणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ असल्या, तरी हिरा हा सोमलाप्रमाणे विष नव्हे. पण हिऱ्याची पूड म्हटली की संशय गरिबाच्या झोपडीकडे जात नाही, राजवाड्याकडेच जातो.

नॉर्थब्रुक यांनी फेअर यांना दूर करून सर लुई पेली यांस पाठविले, आणि तपासासाठी मुंबईचे पोलिस कमिशनर फ्रँक सूटर आपल्या हाताखालच्या देशी अधिकाऱ्यांसह बडोद्यास आले. येथून पुढे या कथेचे नायक राजे नव्हेत, नोकर आहेत. भाड्याच्या गाडीवाल्यांच्या जबान्यांवरून प्रथम कळले की रेसिडेन्सीतील अमीना आया रात्री महाराजांच्या हवेलीत जाऊन आली होती. मग रावजी हवालदाराकडे लक्ष गेले, कारण त्याच्या हातात ऐपतीबाहेरचा पैसा खेळत होता. माफीचे आश्वासन मिळताच रावजीने कबुली दिली: आपण व नरसू जमादार हवेलीत जात होतो, महाराजांनी पुड्या दिल्या, आणि सरबतात विष आपणच घातले. पूर्वी दिलेली एक कुपी कमरेला बांधली असता तिच्यातील द्रवाने पोटावर फोड आला, असेही तो म्हणाला. पुढे त्याच्या पट्ट्यातून सोमलाची एक पुडी निघाली. नरसूला माफीचे आश्वासन नव्हते. त्यानेही कबुली दिली, आणि नंतर रेसिडेन्सीतील विहिरीत उडी टाकली. लोकांनी त्यास वर काढले.

जानेवारी १८७५ च्या मध्यास महाराजांस अटक झाली. त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनाही पहाऱ्यात ठेवण्यात आले. सुमारे पंधरवडा त्यांनी तोंड उघडले नाही. नंतर मात्र सोमल आणि हिरे आपणच महाराजांच्या आज्ञेवरून मिळविले, असे त्यांनी सांगून टाकले.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या कँपात कमिशनचे काम सुरू झाले. एका राजाची अशी उघड चौकशी पूर्वी कोणी पाहिली नव्हती. सहा सभासदांपैकी तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्व्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. आरोपी मराठी, पंचांपैकी दोघे मराठी, महत्त्वाचा साक्षीदार मराठी. आणि हे सारे महाराष्ट्राबाहेर! देवरुखात जन्मलेले दिनकरराव ग्वाल्हेरची दिवाणगिरी गाजवून आता गायकवाडांच्या भवितव्याचा विचार करावयास बसले होते.

महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. त्यांच्या उलटतपासणीचा रोख एकच होता: हे सांगणारे कोण, आणि ते कोणत्या परिस्थितीत सांगत आहेत? रावजी स्वतःच्या तोंडाने विष घालणारा. त्याची मान माफीने सुटलेली. दामोदरपंत पहाऱ्यातून सुटण्यासाठी काहीही बोलतील, असा वकिलांचा आक्षेप. ज्या हेमचंद जवाहिऱ्याकडून हिरे घेतले असे म्हणत, त्याने तर कोर्टात पोलिसांवरच जबरदस्तीचा आरोप केला आणि आधीची जबानी नाकारली. शिवाय साहेबांच्या बदलीची मागणी नुकतीच वर गेलेली असताना, त्यांना विष घालून महाराजांनी काय साधले असते?

सरकार पक्षाचेही म्हणणे फुकाचे नव्हते. पेल्यातील सोमल खरा होता. रेसिडेन्सीचे नोकर रात्री-अपरात्री हवेलीत जात होते. दामोदरपंतांच्या हिशेबाच्या कागदांवर काही नावे शाई सांडून झाकलेली आढळली. नोकर स्वतःच्या बुद्धीने साहेबाच्या जिवावर का उठतील, या प्रश्नाला बचाव पक्षाजवळ सरळ उत्तर नव्हते.

निकाल आला तो दुभंगून. तिन्ही इंग्रजांच्या मते विषप्रयोगास महाराजांची चिथावणी सिद्ध झाली. तिन्ही हिंदी सभासदांच्या मते झाली नाही. पुरावा तोच, साक्षीदार तेच. फरक असा की राजवाड्यातील नोकर, त्याचे भय, त्याची लाचारी आणि मालकाचे नाव पुढे करून जीव वाचविण्याची त्याची धडपड ही जयाजीराव आणि दिनकरराव रोज पाहत होते. अर्थात आपल्यासारख्याच एका संस्थानिकाला दोषी ठरविणे राजांना अवघड गेले असेल, असेही कोणी म्हणेल. दोन्ही शक्यता इतिहासाने उघड्याच ठेवल्या आहेत.

एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. मात्र विषप्रयोगासाठी नव्हे! जाहीरनाम्यात कारण दिले ते गैरवर्तन आणि गैरकारभाराचे. सुधारणेसाठी दिलेली मुदत संपण्यास अद्याप आठ महिने होते. महाराजांची रवानगी मद्रासेस झाली आणि तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. लोकांनी मात्र आपल्यापुरता निकाल दिला होता. कलकत्त्यास अमृतलाल बसू यांनी त्याच वर्षी 'हीरकचूर्ण' हे नाटक लिहिले. दूरच्या बंगाली माणसाला एका मराठी राजाचे दुःख आपले वाटावे, ही गोष्ट लहान नव्हे.

२७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव झाला. त्याच्या कीर्तीत मल्हाररावांचे नाव झाकले गेले, आणि रयतेच्या दृष्टीने पाहता झाले ते बरेच झाले, असेच बहुतेकांचे मत होईल.

तरीही एक टोचणी उरते. वाईट राजा म्हणजे खुनी राजा नव्हे. आणि परिणाम चांगला झाला म्हणून पुरावा पुरा ठरत नाही. मल्हाररावांनी रयतेस छळले याला साक्षीदार हजारो होते. त्यांनी विष दिले याला होते ते जीव मुठीत धरून बोलणारे नोकर. सरकारने पहिल्या गोष्टीसाठी सरळ न्याय केला असता, तर दुसरीचा आधार घ्यावा लागला नसता. रावजी, नरसू, अमीना यांची नावे इतिहासात आली ती एवढ्याच कारणाने. दोन मालकांच्या भांडणात त्यांच्या शब्दाला काही महिने सोन्याचे मोल आले. त्यांचा शब्द खरा होता की नाही, हे त्या सहा पंचांना एकमुखाने सांगता आले नाही. पपनसाच्या त्या पेल्यात विष होते एवढे खरे. ते कोणाच्या मनातून उतरले, याचा निवाडा बडोद्याच्या कँपात तीन-तीन मतांवर थांबला, तो आजही तेथेच आहे.