बाबिलचे देव आणि हजरत इब्राहिम यांचा प्रश्न

हजरत इब्राहिम (अ.) यांनी मूर्ती फोडल्याचा किस्सा आम्ही लहानपणी मौलवीसाहेबांकडून ऐकला आणि पोटभर हसलो. बुतखान्यात शिरून ते मूर्तींना विचारतात, तुम्ही खात का नाही? बोलत का नाही? आम्हाला वाटे, काय खुळी माणसे होती ती! पुढे इराकच्या प्राचीन इतिहासाची पुस्तके हाती आली, तेव्हा हे हसू ओसरले.

कुरआनात त्या शहराचे नाव नाही. बायबलात ते 'ऊर' म्हटले आहे. पण सारा मुलूख बाबिली संस्कृतीचा, आणि तिथे देवाला जेवू घालणे हा राज्याचा मोठा कारभार होता. उरुक शहरात सापडलेल्या एका मातीच्या पाटीवर देवांच्या रोजच्या चार जेवणांचा तपशील आहे. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. भाकरी, मद्य, खजूर, मेंढ्या, बदके. पाटी पुष्कळ नंतरची आहे, प्रथा मात्र फार जुनी. म्हणजे 'खात का नाही' हा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्या व्यवस्थेच्या मुळावरच त्याने बोट ठेवले होते.

आणि ती माणसे खुळी तर मुळीच नव्हती. मूर्ती माणसाने घडवली आहे, ही अडचण त्यांनाही टोचत होती. म्हणून नव्या मूर्तीचे 'तोंड धुण्याचा' विधी असे. त्यात कारागिरांचे हात बांधून झाऊच्या लाकडी सुरीने ते तोडल्याचा देखावा करीत. मग कारागीर शपथ घेई की ही मूर्ती मी घडवली नाही, देवाने घडवली. आपल्याच हातांचे काम नाकारण्यासाठी एवढा खटाटोप! हजरत इब्राहिम (अ.) तेच उघडपणे विचारत होते : जे स्वतः कोरता, त्यालाच पूजता?

मूर्ती शत्रूच्या हातीही पडे. इ. स. पूर्व बाराव्या शतकात एलामवाल्यांनी बाबिल लुटले आणि तिथला मुख्य देव मर्दुक याची मूर्ती उचलून नेली. पुढे पहिल्या नेबुखद्नेझरने ती परत आणली. बाबिलचे लोक सांगत, देव आमच्यावर रुसून आपणच निघून गेला होता.

काही अभ्यासकांना बाबिलातच एकेश्वरवादाची चाहूल लागते. एका पाटीवर इतर देव मर्दुकचीच रूपे म्हणून लिहिले आहेत : रात्र उजळणारा मर्दुक म्हणजे चंद्रदेव सिन, न्याय करणारा मर्दुक म्हणजे सूर्यदेव शमश, पाऊस पाडणारा म्हणजे अदद. वाचताना आम्हीही क्षणभर थबकलो. पण आमच्या मते ही तौहीद नव्हे. कुरआनातले इब्राहिम तारा, चंद्र, सूर्य एकेक करून पाहतात आणि मावळणाऱ्याला सोडून देतात. बाबिलने कुणालाच सोडले नाही, फक्त सगळ्यांना एका नावाखाली गोळा केले. देवळे, नैवेद्य, पुजारी जिथल्या तिथे राहिले.

आम्हाला सर्वांत जास्त हलवले ते निनवे येथे अशुरबनिपालच्या ग्रंथालयात सापडलेल्या एका प्रार्थनेने. एक दुःखी माणूस माफी मागतो आहे, पण कुणाकडे मागावी हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून ओळखीच्या देवाला, अनोळखी देवाला, ओळखीच्या देवीला, अनोळखी देवीला तो एकामागून एक विनवतो. गुन्हा कोणता घडला, हेही त्याला माहीत नाही. रडताना जवळ कुणी येत नाही, हात कुणी धरत नाही. ही प्रार्थना वाचल्यावर लहानपणचे ते हसू आठवून आम्हाला शरम वाटली. लोक अल्लाहशिवाय ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, असे कुरआनच बजावतो. मौलवीसाहेबांनी त्या दिवशी ही आयतही सांगितली असती, तर आम्ही हसलो नसतो.