आयझॅकच्या चौकातील कोबी

आज सेंट पीटर्सबर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेनिनग्राड शहरात, सेंट आयझॅकच्या भव्य चर्चपुढील चौकात, १९४२ च्या उन्हाळ्यात कोबी पिकत होता. हौशीखातर कोणी तो लावला नव्हता.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने शहराचा जमिनीवरील अखेरचा मार्ग तोडला. त्याच दिवशी बदायेव कोठारे जळाली. वितळलेली साखर मातीत मुरली, आणि पुढे लोकांनी ती गोड माती उकरून, पाण्यात कालवून पोटात घातली. उपासमार या आगीमुळे ओढवली ही समजूत मात्र खरी नव्हे. शहरातील साठा मुळातच तुटपुंजा होता. २० नोव्हेंबरपासून कामगारांना रोज २५० ग्रॅम आणि इतरांना, त्यांत मुलेही आली, १२५ ग्रॅम पाव मिळू लागला. त्यातही लाकडाचा भुगा मिसळलेला असे. त्या हिवाळ्यात लाखो माणसे मेली.

वसंत ऋतू आला तेव्हा वाचलेल्या अशक्त माणसांनी प्रथम रस्ते स्वच्छ केले, आणि मग कुदळ हाती घेतली. घरांची आवारे, बागा, मंगळ देवतेच्या नावाचे संचलनाचे मैदान, सारेच खणले गेले. उत्तरेकडील त्या प्रदेशात माती उशिरा विरघळते आणि हिमाचा तडाखा लवकर येतो. जूनमध्ये रात्रीही पुरता अंधार पडत नाही, एवढीच काय ती निसर्गाची कृपा. बियाण्यासाठी अख्खा बटाटा मातीत घालणे कोणाला परवडणार? डोळा असलेला तुकडा कापून लावायचा आणि उरलेला शिजवायचा. पीक हाती येईपर्यंत लोक रानपाल्यावर जगले: हिमालयात जिला बिच्छूबुटी म्हणतात ती झोंबरी वनस्पती आणि आपल्या चाकवताच्या कुळातील पाला. रक्तपिती टाळण्यासाठी पाइनच्या सुयांचा कडू काढा पीत.

या कोबीच्या चौकालगतच वनस्पतिसंशोधन संस्था होती. निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी जगभरातून जमविलेले बियाणे तेथे पुड्यांत, डब्यांत भरलेले होते. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह त्याच तांदळाच्या सान्निध्यात उपासमारीने गेले; त्यांचे अनेक सहकारीही असेच गेले. स्वतः वाव्हिलोव्ह १९४० पासून अटकेत होते. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. भुकेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या माणसाला त्याच्याच राज्यकर्त्यांनी भुकेने खंगविले, ही गोष्ट शत्रूच्या वेढ्याच्या खाती मांडता येत नाही.

भाजीच्या वाफ्यांनी शहर तारले, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. हिशेब इतका सरळ नाही. लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावरून धान्य आले, त्याच वाटेने सुमारे साडेपाच लाख लोक बाहेर गेले. आणि खाणारी तोंडे मरणानेही कमी केली होती. तरीही दुसरा हिवाळा पहिल्यासारखा गेला नाही, आणि घरातल्या बरणीत खारवलेला कोबी होता याचा त्यात वाटा होता. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी.

समर उद्यानातील संगमरवरी पुतळे बॉम्बच्या भीतीने १९४१ मध्येच जमिनीत पुरून ठेवले होते. त्यांच्या आजूबाजूच्या मातीत वाफे झाले. युद्ध संपल्यावर पुतळे उकरून पुन्हा चौथऱ्यांवर बसविण्यात आले, आणि वाफ्यांच्या जागी गवत लावले गेले.